आधी कबुतरं, मग करंडक

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक मातीचं कबुतर ठेवलेलं आहे. नारिंगी, उपड्या बशीसारखं, ११० मिलिमीटर व्यासाचं. त्याला दोन भोकं आहेत, छर्र्यांची, आरपार. ऑफिसात येणारा माणूस ते हातात घेऊन फिरवतो आणि विचारतो, "सर, हे फुटलं कसं नाही?"

गेल्या मार्चच्या अखेरीस जबलपूरपासून काही तासांच्या अंतरावर क्ले शूटिंगची एक खुली स्पर्धा होती. गावाचं आणि आयोजकांचं नाव सांगत नाही, कारण माणसं वाईट नव्हती आणि अशा स्पर्धा देशभर होतात. मला बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. लष्करी अधिकारी स्टेजवर असला की फोटो बरा येतो, एवढाच त्यामागचा हेतू, आणि त्याला माझी हरकत नव्हती. मी ब्लेझर घालून गेलो, पुठ्ठ्याचा भलामोठा चेक धरून उभा राहिलो, टाळ्या झाल्या. पोस्टरवर बक्षिसाचा आकडा इतका ठळक छापला होता की तारीख शोधावी लागत होती.

निघताना गाडीपाशी एक गृहस्थ आले. इटारसी लाइनवरच्या एका लहान गावात त्यांचं दुकान आहे. मुलगा सतरा वर्षांचा, क्लबच्या बंदुकीवर शिकतो. मुलाचा नंबर कुठेतरी चाळिसाव्या जागी आला होता. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. त्यांनी पिशवीतून हे कबुतर काढलं आणि माझ्या हातात दिलं. धाकटा मुलगा मैदानाच्या टोकाला पडलेली न फुटलेली कबुतरं गोळा करत होता, त्यात हे सापडलं म्हणे. "साहब, लगा तो था," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तो फिर पैसे किस बात के लिए थे?"

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मातीचं कबुतर मातीचं नसतं. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखी पिच यांच्या मिश्रणाची ती बशी असते, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. पूर्वी खरी कबुतरं सोडून मारत. मग काचेचे गोळे आले, आणि १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीच्या बशीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून क्ले हे नाव चिकटलं. ट्रॅप या प्रकारात नेमबाजाच्या पंधरा मीटर पुढे खंदकात मशीन असतं. 'पुल' म्हटलं की बशी कुठल्या कोनातून निघेल ते ठाऊक नसतं. एका कबुतराला दोन गोळ्या मिळतात. २५ कबुतरांची एक फेरी, आणि आंतरराष्ट्रीय पात्रता फेरीत अशा पाच, म्हणजे १२५.

आता नियम. कबुतराचा डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा उडाला तर गुण. नुसती धूळ उडाली तर गुण नाही. छर्रा आरपार गेला आणि बशी तशीच पुढे गेली तरी गुण नाही. नियम बरोबर आहे, रेफरीला भोकं कुठून दिसणार? पण त्या नियमात एक गृहीत धरलेलं आहे, की कबुतर ठिसूळ आहे. पिच उन्हात मऊ पडते. मार्चअखेरच्या महाकोशलातल्या दुपारी कबुतरांची खोकी खंदकाच्या शेजारी उघड्यावर ठेवलीत तर बशी फुटायच्या ऐवजी छर्रा गिळते. त्या दिवशी खोकी उन्हातच होती. मी स्टेजवर जाताना त्यांच्या बाजूनेच गेलो होतो आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. सावलीसाठी मांडव घातला होता, पण तो पाहुण्यांवर.

आणखीही होतं. चौथ्या फेरीत मशीनमधून एक कबुतर तुटकंच बाहेर आलं. अशा वेळी ते 'नो टार्गेट', नवीन सोडायचं, नेमबाजाने गोळी झाडलेली असो वा नसो. रेफरीने गुण गेला असं दाखवलं. तो रेफरी नव्हताच, आयत्या वेळी उभा केलेला एक भला माणूस होता. प्रशिक्षकाने तक्रार करायची म्हटली तर लेखी तक्रारीला वेगळी फी होती.

म्हणजे दुकानदार गृहस्थांचा प्रश्न अगदी हिशेबी होता. दुकान चालवणारा माणूस माल आणि पैसा यांचा मेळ घालतो. त्यांनी पैसे दिले, माल मिळाला नाही. मग पैसे गेले कुठे? ते माझ्या हातात होते. पुठ्ठ्याच्या चेकवर.

हे मी आत्ता लिहितोय कारण येत्या हिवाळ्यात जबलपूरजवळ अशीच एक खुली मॅच भरवायचं काही स्थानिक हौशी मंडळींच्या मनात आहे, आणि त्यांनी मला समितीत घेतलंय. पहिल्याच बैठकीत चर्चा सुरू झाली ती पोस्टरवरच्या आकड्यापासून. "सर, आकडा मोठा पाहिजे, नाहीतर येणार कोण?" मी तिथे फारसं बोललो नाही. बैठकीत पटकन उत्तर सुचत नाही, हा माझा जुना दोष. ते उत्तर इथे देतो.

आकडे सोपे घेतो. हे कुठल्या स्पर्धेचे नाहीत, फक्त हिशेब दिसावा म्हणून. समजा ६० नेमबाज, प्रत्येकी ४,००० रुपये फी, १०० कबुतरांची मॅच. जमा झाले २ लाख ४० हजार. एक कबुतर उडवायला, म्हणजे कबुतर, मशीनची झीज, वीज, वाया जाणारी कबुतरं सगळं धरून, समजा १२ रुपये. ६,००० कबुतरांचे ७२ हजार. रेफरी, मजूर, पाणी, मांडव, प्रथमोपचार यांचे ४८ हजार. खर्च झाला १ लाख २० हजार. उरलेले १ लाख २० हजार बक्षीस. कागदावर सुंदर ताळेबंद.

आता साठांकडे बघा. या खेळात कोण जिंकणार हे सकाळी चहाच्या टपरीवरच ठरलेलं असतं. साठांपैकी आठ जण पहिल्या तिनात येऊ शकतात. उरलेल्या बावन्नांना ते शक्य नाही, आणि त्यांनाही ते माहीत आहे. पण प्रत्येकाच्या ४,००० मधले २,००० बक्षिसाच्या डब्यात गेले. म्हणजे बावन्न शिकाऊ, हौशी, वयस्क आणि पोरसवदा लोकांनी मिळून १ लाख ४ हजार रुपये आठ तरबेज लोकांपुढे ठेवले. याला स्पर्धा म्हणायचं की वर्गणी? वर्गणी म्हणायची असेल तर तसं पावतीवर छापा.

आणि आकडा मोठा करायचा झाला की दोनच वाटा उरतात. फी वाढवा, किंवा त्या ४८ हजारांतून काढा. फी वाढली तर पोस्टर बघून लोक कुरकुर करतात, म्हणून दुसरी वाट धरली जाते. शिकलेल्या रेफरीऐवजी कुणाचा तरी मेहुणा उभा राहतो, मशीनची जादा स्प्रिंग आणली जात नाही, खोकी झाकायला ताडपत्री येत नाही. गुणवत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इटालियन मशीन आणि १५ मशीनचा पूर्ण खंदक येतो. तसं काही लागत नाही. डोलणाऱ्या एका मशीनवर उत्तम क्लब मॅच होते. लागतं ते हे: सकाळी मोजपट्टी लावलेला खांब उभा करून मशीनपासून १० मीटरवर कबुतराची उंची तपासणारा माणूस. नेमबाजांसमोर उडवलेली चाचणीची कबुतरं. नियमपुस्तक वाचलेला रेफरी. ताडपत्री. सगळ्यात स्वस्त गोष्टींवरच पहिली कात्री चालते, कारण त्या पोस्टरवर दिसत नाहीत.

आयोजक म्हणतात, "फी म्हणजे काय मोठं, काडतुसांचा खर्च बघा." खरं आहे. ट्रॅपमध्ये १०० कबुतरांना दुसऱ्या गोळ्या धरून सव्वाशे-दीडशे काडतुसं सहज जातात. २४ ग्रॅम छर्र्यांचं स्पर्धेचं काडतूस बहुतेक परदेशातून येतं. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं 'शक्तिमान' बारा बोरचं काडतूस शेतकऱ्यांना आणि शिकाऊ लोकांना ठाऊक आहे, पण ऑलिम्पिकच्या रांगेत उभा राहणारा नेमबाज आयात मालच मागतो. आता खडकी आणि इथला खमरिया, दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या एकाच कंपनीत आहेत, आणि तिचं मुख्यालय पुण्यात. मी राहतो तिथून कधी कधी खमरियाकडचा चाचणीचा आवाज ऐकू येतो. १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणाऱ्या या शहराच्या आसपासच्या पोराला बारा बोरच्या काडतुसासाठी परदेशी खोक्याची वाट बघावी लागते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि मी तो लिहिणार आहे. पण काडतूस महाग आहे हे फी वाढवण्याचं कारण कसं होतं? ते तर फी कमी ठेवण्याचं कारण आहे. पाठीवर दोन मणांचं ओझं आहे म्हणून आणखी दहा शेर ठेवले तर काय बिघडलं, असं हमालाला कोणी म्हणत नाही.

हा रोग नवा नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरं मारण्याची स्पर्धा झाली होती. प्रवेश फी २०० फ्रँक, बक्षीस २०,००० फ्रँक. शेकडो कबुतरं मेली आणि शेवटी पहिल्या चौघांनी बक्षीस आपसांत वाटून घेतलं. फी भरून गेलेल्या बाकीच्यांना काय मिळालं असेल, ते कुठल्याही पुस्तकात नाही. जिवंत कबुतरं पुन्हा ऑलिम्पिकमध्ये दिसली नाहीत. त्या फीचा आणि त्या बक्षिसाचा वास मात्र या खेळाला अजून येतो.

आपल्याकडे याहून जुनी आणि शहाणी रीत आहे. गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. पैलवान फी भरून आखाड्यात उतरतो का? इनाम गाव देतं, वर्गणीतून. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग शंभर-दोनशेच्या, आणि दिवस कलताना मोठी जोड. त्या रेवड्या खाल्लेल्या पोरांतूनच उद्याची मोठी जोड निघते. क्ले शूटिंगमध्ये आपण नेमकं उलटं केलंय. रेवड्यांच्या पोरांकडून पैसे घेऊन मोठ्या जोडीचं इनाम उभं करतो.

मग फुकट ठेवायचं का? नाही. हे मी सैनिक म्हणून सांगतो. फुकटाची किंमत कोणीतरी दुसराच भरत असतो, आणि ज्याला फुकट मिळतं त्याला ती दिसत नाही. फी असावी. पण पावतीवर लिहिलेलं असावं की हे पैसे कबुतरांचे.

मी समितीपुढे ठेवणार आहे तो हिशेब असा. वरचेच आकडे घ्या. खर्च १ लाख २० हजार, माणसं ६०, म्हणून मूळ फी २,०००. तेवढ्यात शंभर चांगली कबुतरं, चांगला रेफरी, गुणपत्रक आणि करंडकाचा हक्क. ज्याला पैशासाठी खेळायचंय त्याने वेगळ्या खिडकीवर आणखी २,००० भरावेत. असे वीस जण निघाले तर ४० हजारांचा डबा होईल, तो त्या वीस जणांतच वाटला जाईल. आपल्या पैशांवर आपली पैज, कुणाचीच तक्रार नाही. इंग्लंडमध्ये क्लबांत 'फक्त कबुतरं' अशी स्वस्त प्रवेशिका असते, बक्षिसाशी संबंध नाही, कबुतरांचे पैसे द्या आणि खेळा. तिथे कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. एकवीस वर्षांखालच्यांना आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना अर्धी फी. असे पंधरा जण आले तर १५ हजारांची तूट पडेल. ती प्रायोजकाने भरावी. प्रायोजक बक्षिसालाच पैसे देतो, तुटीला देत नाही, असं मला बैठकीत सांगितलं गेलं. मग त्याला सांगा की पंधरा पोरांच्या पाठीवरच्या नंबरावर तुझं नाव छापतो. पुठ्ठ्याचा चेक दोन मिनिटं दिसतो, पाठीवरचा नंबर दिवसभर दिसतो. प्रायोजकाला गणित कळतं, आपण विचारतच नाही.

वर्गवारीचा प्रश्न आहे. अमेरिकेत लुइस नावाची पद्धत चालते. मॅच संपल्यावर सगळे गुण उतरत्या क्रमाने लावायचे, यादीचे सारखे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातल्या पहिल्याला बक्षीस. ऐकायला गोड लागतं, सगळ्यांना आशा राहते. मला ती आवडत नाही. ७१ गुणांवाल्याला बक्षीस आणि ७२ वाल्याला काही नाही, कारण तुकडा तिथे पडला. ती सोडत झाली. इंग्लंडसारखी सरासरीवर अ, ब, क वर्गवारी बरी, तिच्यात माणसाला आपला वर्ग आधी माहीत असतो. तिच्यातही खालच्या वर्गात राहण्यासाठी मुद्दाम चार कबुतरं सोडणारे महाभाग निघतात, पण ते डब्यात रोख रक्कम मोठी असेल तर. क वर्गाच्या पहिल्याला रोख न देता दोन खोकी काडतुसं दिली तर कुणी लबाडी करायला वळणार नाही, आणि ज्याला मिळतील त्याचा पुढचा महिना सुटेल. काडतुसं परवान्याच्या नियमांतच द्यावी लागतील, पण नोंदवहीत एक ओळ लिहिण्यापलीकडे समितीला त्यात कष्ट नाहीत.

"आकडा मोठा नसेल तर चांगले नेमबाज येणार नाहीत." या आक्षेपात तथ्य आहे. चांगला नेमबाज पाहिल्याशिवाय पोरांना खेळ कळत नाही. पण त्या आठ जणांना खरोखर विचारा की तुम्ही कशासाठी येता. मी तिघांना विचारलं. तिघांचं म्हणणं एकच, मावळणकर आणि राष्ट्रीय स्पर्धेआधी सरावाला बरोबर उंचीची, बरोबर वेगाची कबुतरं कुठे मिळतील ते सांगा, येतो. (मावळणकर स्पर्धा म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची पायरी. नाव ज्यांचं आहे ते गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनचेही पहिले अध्यक्ष. मराठी घरातला माणूस. आपल्या नेमबाजांतही अनेकांना हे ठाऊक नसतं.) वाकड्या मशीनवर शंभर कबुतरं मारून लय बिघडवायला कोण येईल? मोठ्या आकड्याला जे येतात ते पुढच्या वर्षी त्याहून मोठ्या आकड्याकडे जातात.

आणि पोरांचं म्हणाल तर आपल्यासमोर पुरावे आहेत. इटारसीची प्रीती रजक. वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. भोपाळच्या राज्य अकादमीत ट्रॅप शिकली, २०२२ च्या अखेरीस हवालदार म्हणून सैन्यात आली, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सैन्यातली पहिली महिला सुभेदार झाली. त्याच संघातली मनीषा कीर भोपाळच्या तलावावर मासेमारी करणाऱ्याची मुलगी. या दोघींना बंदूक, काडतूस आणि कबुतर अकादमीने पुरवलं. घरच्या पैशांवर त्या ४,००० रुपयांच्या खुल्या स्पर्धेत उतरल्या असत्या का? अकादमीच्या दारापर्यंत पोचायच्या आधीची जी पायरी आहे, पहिल्या शंभर कबुतरांची, ती क्लबच्या मॅचमध्येच असते. तिथेच आपण टोलनाका बसवलाय.

मराठी वाचकांसाठी आणखी एक. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, परवाचा स्वप्नील कुसाळे. आपल्याला तोंडपाठ असलेली ही सगळी नावं रायफल-पिस्तुलाची आहेत. शॉटगनमध्ये आठवतात ती करणीसिंग महाराज, रणधीरसिंग, मानवजित संधू, राज्यवर्धन राठोड. गुणवत्ता आपल्या बाजूला कमी आहे म्हणून नव्हे. १० मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलमध्ये चालते, तिचा छर्रा चिल्लरीत येतो. ट्रॅपला माळरान लागतं, मशीन लागतं आणि दर गोळीला नोट जाते. म्हणून हा खेळ राजवाड्यांतून आणि मोठ्या वाड्यांतून आला, आणि ज्याने ही कुंपणं ओलांडली तो बहुतेक वेळा सरकारी काडतुसावर ओलांडून आला.

यावरून घरच्याच एका विषयावर येतो, आणि इथे काही जुने सहकारी रागावतील.

ऑगस्ट २००४ मध्ये मी लेफ्टनंट होतो. मेसमधल्या टीव्हीवर अथेन्सची बातमी आली, मेजर राठोड, डबल ट्रॅप, २०० पैकी १७९, रौप्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक रौप्य, आणि तेही ग्रेनेडियर्सच्या माणसाचं. मी ग्रेनेडियर नाही, पण त्या रात्री सगळेच ग्रेनेडियर होते. त्यांचं रेजिमेंटल सेंटर इथेच जबलपूरला आहे, रोज सकाळी त्यांच्या भिंतीवरून पळत जाताना मला ती रात्र आठवते. त्या पदकामुळे माझ्यासारख्या कित्येक जणांनी बारा बोर खांद्याला लावली. मी कधी मोठा नेमबाज झालो नाही. पण कॅप्टन असताना एका पोस्टिंगवरून जवळच्या खुल्या स्पर्धेत गेलो आणि तिसरा आलो. पाकीट मिळालं. बंदूक युनिटची, काडतुसं सरकारी, गाडी सरकारी. बेकायदा काहीच नव्हतं. पाकिटाची मेसमध्ये पार्टी झाली.

चौथा आलेला माणूस मला आठवतो. शाळेत शिक्षक होता. माझ्यापेक्षा एका कबुतराने मागे. त्याने येऊन हात मिळवला आणि विचारलं, "आप लोगों को महीने में कितने कारतूस मिलते हैं?" मी आकडा सांगितला. तो हसला. वर्षभरात तो तेवढी झाडत नव्हता.

तेव्हापासून माझं मत असं आहे की सैन्याच्या संघाने खुल्या क्लब स्पर्धेत जरूर उतरावं, करंडक जिंकावा, पोरांना आपली शिस्त दाखवावी, पण रोख डब्याला हात लावू नये. 'फक्त कबुतरं' ही प्रवेशिका आधी आपण घ्यावी. महूच्या मार्क्समनशिप युनिटमधला जवान दिवसाला जितकी कबुतरं मारतो तितकी कस्ब्यातलं पोर महिन्यात मारत नाही. त्या दोघांना एका डब्यावर बसवून वर पोराकडूनच डब्याचे पैसे घ्यायचे, हे आपल्याला शोभत नाही.

माझ्या शेजारी राहणारे एक निवृत्त सुभेदार मेजर साहेब, सातारकडचे, हे ऐकून चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "साहेब, हे तुम्हा अधिकाऱ्यांना बोलायला सोपं. हवालदाराला दहा हजाराचं पाकीट म्हणजे पोरीची वर्षाची फी असते. त्यानेही घामच गाळलाय ना?" मला याचं पूर्ण उत्तर देता आलं नाही. घाम गाळलाय हे खरं. मी एवढंच म्हणालो की त्याचं कौतुक युनिटने करावं, त्याला पाकीट आपण द्यावं, दुकानदाराच्या पोराने नाही. आणि जो जवान रजेवर, स्वतःच्या काडतुसांवर येईल त्याने डब्यात पैसे टाकून बिनधास्त जिंकावं. साहेबांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे. त्यांचा मुद्दा माझ्या मनात अजून आहे. ज्या निवृत्त मंडळींचं मत त्यांच्यासारखं असेल त्यांनी जरूर लिहावं, मी वाद घालायला तयार आहे.

मॅच कधी घ्यायची यावरही मतभेद आहेत. जानेवारी म्हणतात, पण इथे जानेवारीत सकाळी नर्मदेकडून धुकं येतं आणि नऊ-साडेनऊपर्यंत नारिंगी बशीसुद्धा दिसत नाही. पहिल्या तुकडीवर अन्याय. मार्चमध्ये काय होतं ते माझ्या टेबलावर आहे. माझं मत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याला, दिवाळीची घाई सरलेली आणि पिच कडक. खोकी आदल्या रात्री उतरवू नका, दवात बसतात, हेही मी सांगणार आहे.

बुधवारी बैठक आहे. खजिनदारांचा फोन आला होता. त्यांनी हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, "सर, सब ठीक है, लेकिन पोस्टर पे क्या लिखेंगे?" मी म्हटलं, लिहा: फी दोन हजार, त्यात शंभर कबुतरं, तुटकं निघालं तर दुसरं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बुधवारी बोलू.

त्या दुकानदार गृहस्थांचा नंबर माझ्याकडे आहे. फी ठरली की कळवतो असं मी त्यांना मार्चमध्ये म्हणालो होतो. अजून फोन केलेला नाही.